आठ नंबरचा पाचवा फाउल

१

"मेधा, घरात चोरी झालीय. ताबडतोब ये," निशिकांतराव फोनवर म्हणाले.

मी तशीच चपला सरकवून निघाले. सिंगापूरला बिशान भागात आमचे ब्लॉक शेजारी शेजारी आहेत, लिफ्ट धरून चार मिनिटं. वाटेत मनात दागिने, पासपोर्ट, काय काय येऊन गेलं. पोचून बघते तर हे गृहस्थ जेवणाच्या टेबलाशी बसलेले आणि समोर एक जाडजूड वही.

"काय गेलं?"

"एक पान."

मला हसू आलं होतं, पण त्यांचा चेहरा बघून मी ते गिळलं. बाजूला आर्या उभी होती, डोळे सुजलेले. विश्वासची मुलगी. विश्वास म्हणजे निशिकांतरावांचा धाकटा भाऊ. बुकित बातोकला राहत होता आणि तीन आठवड्यांपूर्वी गेला. सिंगापूर हे एवढंसं गाव, तरी हे दोघे सख्खे भाऊ अडतीस वर्षं एकमेकांशी बोलले नव्हते. आजारपणात आर्याने तीनदा फोन केला, तरी निशिकांतराव गेले नाहीत. "आधी त्याला कबूल करू दे," एवढंच म्हणाले. त्या दिवशी मी त्यांना काय काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही.

ते कबूल करायचं होतं काय, ते सांगते. १९७६ साली इथे स्ट्रेट्स लीग नावाची बास्केटबॉलची व्यावसायिक स्पर्धा होती. तीन वर्षं चालली आणि बंद पडली. तिच्यात हार्बर हॉक्स नावाचा संघ होता. विश्वास नागपूरहून त्यात खेळायला आला, जर्सी नंबर आठ. थोरला भाऊ दिवसा शिपिंग ऑफिसात आणि संध्याकाळी लीगचा अधिकृत स्कोअरर. अंतिम सामन्यात, शेवटची तीन मिनिटं उरलेली, हॉक्स पाच गुणांनी पुढे. तेवढ्यात टेबलावरून भोंगा वाजला. आठ नंबरचे पाच फाउल झाले, बाहेर. विश्वास टेबलाशी धावत आला. "दादा, चारच आहेत!" दादा म्हणाला, "वहीत पाच आहेत." विश्वास बाहेर बसला आणि हॉक्स एका गुणाने हरले.

त्यानंतर सगळ्या संघाने त्याला तोंड टाकून बोलून घेतलं. मोजता येत नाही, वर खोटं बोलतो. थोरला भाऊही तेच म्हणाला.

"बाबा शेवटपर्यंत म्हणत होते, चारच होते," आर्या म्हणाली. "मेधामावशी, मला फक्त ट्रुथ पाहिजे. काका म्हणाले, ये, ओरिजिनल स्कोअरशीट दाखवतो. आणि आता ती शीटच नाही. धिस इज टू मच लाह!" इथेच वाढलेली पोरगी, वाक्याला शेपूट म्हणून इथला 'लाह' लागणारच.

"रविवारी अस्थी सोडायच्यात," निशिकांतराव माझ्याकडे बघत म्हणाले. "त्याआधी मला हिला पान दाखवायचंय. मी खोटं लिहीत नाही, हे हिला कळायला हवं."

आज गुरुवार होता. मी वही जवळ ओढली, आणि पहिलीच गोष्ट बघून चमकले.

२

पान फाडलेलं नव्हतं.

निशिकांतरावांनी त्या मोसमाच्या सगळ्या शीट एकत्र करून स्वतः दोऱ्याने शिवल्या होत्या. जुना दोरा पिवळा पडून गेलेला. पण शेवटच्या चार बोटांत दोरा नवा होता. कुणीतरी शिवण उसवून, पान अलगद काढून, बाकीची पानं पुन्हा शिवून ठेवली होती. टाके एकसारखे, आणि शेवटची गाठ आत दडवलेली. मी तांजोंग पगारला बँकेत तीस वर्षं ऑडिट केलंय, फाडलेली पानं ढिगाने पाहिलीत. चोरी करून वर वहीची इतकी काळजी घेणारा चोर मला नवीन होता.

"हे पान शेवटचं कधी पाहिलंत?"

"शहात्तर साली."

"म्हणजे?"

"सामना झाला, शिवलं, ठेवून दिलं. त्या पानाला मी पुन्हा हात लावला नाही." ते खिडकीकडे बघत होते. "त्या पानावर माझा भाऊ खोटा ठरला होता. कशाला बघू?"

"तुम्ही स्वतः चुकला नाहीत कशावरून?"

माणूस ताठ झाला. "माझी पद्धत होती. भाऊ खेळतो म्हणून लोक आधीच कुजबुजायचे. त्यामुळे मी नियम केला होता, रेफरी नंबर दाखवेल तो लिहायचा. मान वर करायची नाही. मी नंबर बघतो, तोंड बघत नाही. तीन वर्षांत एक तक्रार नाही माझ्यावर."

स्मितावहिनी चहा घेऊन आल्या. त्यांची बायको, चाळीसएक वर्षं या देशात, तरी चहात आलं किसूनच टाकणार. त्यांनी कप ठेवले, पण माझ्या कपाखाली बशी ठेवायला विसरल्या. त्यांच्याकडून असं कधी होत नाही. दिराच्या मरणाचं दुःख, मला वाटलं.

"गेल्या तीन आठवड्यांत घरात कोण कोण आलं?"

तिघं निघाली. आर्या दोनदा आली होती. हॉक्सचा जुना खेळाडू मिस्टर लिम एकदा भेटायला आला होता आणि वही चाळून गेला होता. तिसऱ्या स्मितावहिनी, त्या तर घरातच.

"अजून एक," आर्या म्हणाली, आणि पर्समधून प्लॅस्टिकच्या पाकिटातला एक कागद काढला. "बाबांच्या कपाटात होतं."

तो त्याच सामन्याचा कागद होता.

३

मूळ शीटखाली कार्बन घालून दोन प्रती काढायच्या आणि दोन्ही संघांना एकेक द्यायची, अशी तेव्हा रीत होती. हॉक्सची प्रत विश्वासने मागून घेतली होती. अडतीस वर्षं जपली. मी चष्मा पुसून बघायला लागले. आठ नंबरच्या ओळीत फाउलच्या पाच फुल्या. स्पष्ट, जांभळट, एकीला एक लागून.

"पाच आहेत," मी म्हटलं. मला तिच्याकडे बघवेना.

"आय नो. मी पण काउंट केलं." तिचा आवाज फाटला. "मग बाबा खोटं बोलले? मरताना पण? मावशी, असं कोण करतं?"

मी तिला जवळ घेतलं. पोरगी तेहेतीस वर्षांची, मोठ्या कंपनीत मॅनेजर, पण माझ्या खांद्यावर लहान मुलीसारखी रडली. ती रडत असताना माझी नजर त्या कागदावर होती, आणि मला एक साधी गोष्ट खुपली.

प्रत शिल्लक होती, आणि हे तिघांनाही माहीत होतं. आर्याकडे ती होतीच. लिम त्या संघातला. स्मितावहिनींनी तर त्या काळी नवऱ्याला कार्बन लावून दिलेले. मग मूळ पान चोरून कुणाला काय लपवायचं होतं? जे लपवायचं ते प्रतीत दिसत नसणार. मूळ शीटवर असं काय असतं जे कार्बनमधून उतरत नाही?

मी वहीची बाकीची पानं उलटली आणि अगदी मूर्खासारखी स्वतःवर चिडले. ते माझ्या डोळ्यांसमोर होतं.

रंग!

प्रत्येक पानावर पहिला हाफ लाल शाईत होता, दुसरा हाफ निळ्या. कार्बनला रंग कळत नाही, त्याला सगळं जांभळं.

मी वही घरी नेली आणि दुपारभर एकेक सामना बघत बसले. या आकड्यांमधून माणसं दिसायला लागतात हो. प्रत्येकाचं काम वेगळं. विश्वास होता सहावा गडी. बाकावर बसायचा, दुसऱ्या हाफला उतरायचा आणि थकलेल्या प्रतिस्पर्ध्यांना पळवायचा. बावीस सामने, प्रत्येकात नऊ-दहा गुण, चार-पाच रिबाउंड, म्हणजे रिंगवरून परतलेले चेंडू पकडलेले, दोन-तीन फाउल. सगळं निळं. अख्ख्या मोसमात आठ नंबरच्या ओळीत लाल शाईचा एक ठिपका नव्हता.

अकरा नंबर लिम. तो स्टॉपर, म्हणजे समोरच्यांचा सगळ्यात भारी खेळाडू त्याच्या गळ्यात. गुण जवळजवळ शून्य, फाउल मात्र भरमसाट, लाल आणि निळे दोन्ही. बावीसपैकी तेरा सामन्यांत पाच फाउल होऊन बाहेर. मग मी पुन्हा अंतिम सामन्याची प्रत घेतली. लिमच्या ओळीत चार.

त्या दिवशी, सगळ्यात अटीतटीच्या सामन्यात, हा माणूस चारावर थांबला होता.

४

शुक्रवारी सकाळी लिमला त्याच्या घराखालच्या हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे खाण्याच्या गाळ्यांच्या मंडईत, गाठलं. दोन वर्षांपूर्वी त्याला पक्षाघाताचा झटका आला होता. कॉफीचा कप तो दोन्ही हातांनी धरत होता, तरी निम्मी बशीत सांडत होती. या हातांनी सुईत दोरा ओवणं शक्य नव्हतं. आर्याला तर साधं बटण लावता येत नाही, तिची आई होती तेव्हा मला नेहमी सांगायची. म्हणजे शिवणारे हात कुणाचे हे मला कळून चुकलं होतं. पण का, ते कळत नव्हतं.

"मिस्टर लिम, फायनलला तुमचे फाउल किती झाले?"

आम्ही इंग्रजीतच बोलत होतो. त्याने कप खाली ठेवला.

"वहीत चार."

"आणि तुमच्या हिशोबाने?"

"पाच," तो म्हणाला. "पाचवा झाला तेव्हा मी भोंग्याची वाट बघितली. वाजला नाही. मला वाटलं, टेबलाचं एक लिहायचं राहिलं, नशीब माझं. फायनल होती लाह, तू असतीस तर सांगितलं असतंस?"

खरं तर मलाही माहीत नाही.

"पहिल्या हाफमध्ये किती?"

"एक. त्याच वेळी तर माझी जर्सी फाटली." तो हसला, आठवणीने जरा खुलला. "म्हणजे आधी जर्सी फाटली, खांद्यापासून खालपर्यंत. संघाकडे जादा जर्सी नव्हती, गरीब टीम. कोच म्हणाले, विश्वास, तू बसलाच आहेस, तुझी दे. मग हाफ टाइमला निशीच्या बायकोने माझी शिवून दिली. प्रेक्षकांत बसून, पर्समधून सुई-दोरा काढून. फार चांगली बाई."

मी चमचा खाली ठेवला.

"फाउल झाला तेव्हा तुमच्या अंगावर आठ नंबर होता?"

"हो. टेबलाला कोचने सांगितलं असेलच की," तो म्हणाला. मग माझ्या तोंडाकडे बघून त्याचं हसू मावळलं. "सांगितलं होतं ना?"

त्याला उत्तर माझ्या चेहऱ्यावर वाचता आलं. त्याने डोळे झाकले आणि तोंडातल्या तोंडात चिनी भाषेत काहीतरी पुटपुटत राहिला. आजूबाजूला लोक नाश्त्याच्या रांगेत उभे होते, कुणी आमच्याकडे बघितलं नाही.

५

निशिकांतराव रोज दहाला बाजारात जातात. मी सव्वादहाला स्मितावहिनींच्या दारात उभी राहिले.

"वहिनी, पान द्या."

त्यांनी कांगावा केला नाही. आतल्या खोलीत शिलाई मशीन आहे, त्याच्या खणात ब्लाऊजचे कागदी नमुने ठेवलेले असतात. त्या गठ्ठ्याच्या मधोमध पान होतं, इस्त्री केल्यासारखं. मी ते उजेडात धरलं.

आठ नंबर. चार फुल्या निळ्या. एक लाल.

ज्या हाफमध्ये विश्वास मैदानात उतरलाच नव्हता त्या हाफमधली. रेफरीने आठ दाखवलं, निशिकांतरावांनी मान वर न करता आठ लिहिलं. एकूण फाउलची बेरीज बरोबर येत होती, म्हणून कुणालाच कधी शंका आली नाही. एकाचं पाप दुसऱ्याच्या ओळीत गेलं, इतकंच.

"भावजी गेल्याचं कळलं त्या दुपारी हे नुसते बसून होते," वहिनी म्हणाल्या. "रडले नाहीत, जेवले नाहीत. मला भावजींचं नाव बघावंसं वाटलं म्हणून वही काढली. आणि ती लाल फुली दिसली. मीच शिवली होती ना ती जर्सी, मेधाताई. लिम अंगात आठ नंबर घालून माझ्यासमोर उभा होता. अडतीस वर्षं मला माहीत होतं, आणि काय माहीत आहे तेच माहीत नव्हतं."

त्या मशीनच्या स्टुलावर बसल्या आणि पदर तोंडात कोंबून रडल्या. भावजी लग्नानंतर पहिल्यांदा घरी आले तेव्हा त्यांच्यासाठी काय केलं होतं, ते कसे उभ्याउभ्याच जेवायचे, सगळं सांगत राहिल्या. मीही रडले. त्या घरात मी विश्वासला कधी पाहिलं नव्हतं, तरी रडले.

"यांना सांगू नका," त्या माझा हात धरून म्हणाल्या. "बहात्तर वर्षांचा माणूस. भावाला शेवटचं भेटलेसुद्धा नाहीत. हे कळलं तर मरतील हो ते."

"आणि आर्या? तिने जन्मभर बापाला खोटं समजायचं?"

"ते मला कळत नाही का! म्हणून तर जाळलं नाही."

मला काय करावं सुचेना. तीस वर्षं मी चुका शोधल्या, शोधून रिपोर्टात लिहिल्या आणि घरी येऊन जेवले. चूक सापडल्यावर ती कुणाच्या हातात द्यायची, हा प्रश्न कधी पडला नव्हता.

तेवढ्यात आमच्या मागे पिशवी खाली ठेवल्याचा आवाज आला. निशिकांतराव पाकीट विसरले म्हणून अर्ध्यातून परतले होते.

त्यांनी हात पुढे केला. मी पान दिलं, न देऊन काय करणार होते? ते उभ्यानेच वाचायला लागले. बोट आठ नंबरच्या ओळीवर आलं आणि लाल फुलीवर थांबलं. चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"पहिल्या हाफला आठ नंबर कोणाच्या अंगात होता?" त्यांनी विचारलं. माझ्याकडे न बघता, बायकोला.

"लिमच्या," वहिनी म्हणाल्या.

"मी मान वर केली नाही," निशिकांतराव म्हणाले. "नुसती मान वर करायची होती."

६

रविवारी सकाळी चांगीहून बोट घेतली. आम्ही चौघं आणि नावाडी. निशिकांतराव आपणहून आले होते, पांढरा सदरा घालून. शुक्रवारपासून ते कुणाशी धड बोलले नव्हते. लिमचा फोन आला तेव्हा मात्र घेतला. "तुझी चूक नाही," एवढं म्हणाले आणि ठेवला.

बोट किनाऱ्यापासून लांब गेल्यावर ते आर्यासमोर जाऊन बसले आणि पान तिच्या मांडीवर ठेवलं.

"तुझे बाबा खरं बोलत होते. चारच होते. चूक माझी." त्यांनी हात जोडले. पुतणीसमोर काकाने हात जोडलेले मला बघवेनात, मी पाण्याकडे तोंड केलं. "मी त्याला मोजायला शिकवलं होतं, आणि मीच म्हणालो त्याला मोजता येत नाही. शिक्षा काय द्यायची ती दे."

आर्याने पान बघितलं. लाल फुलीवरून अंगठा फिरवला. तिला हवं ते मिळालं होतं, पण आनंद काही दिसला नाही.

"बाबांना प्रूफ नको होतं, काका," ती म्हणाली. "ते म्हणायचे, दादा ये असं बोलावलं की येईल. मग पाच पण चालतील, चार पण चालतील."

निशिकांतरावांनी मान खाली घातली. मग अगदी हळू त्यांनी विचारलं, "शेवटी माझ्याबद्दल काही म्हणाला?"

वहिनींनी आर्याच्या पाठीवर हात ठेवला.

"सांग मला," निशिकांतराव म्हणाले. "काहीही असलं तरी सांग."

"लास्ट डे ला विचारलं, दादा निघाला का. मी तुम्हाला फोन केला होता, तुम्ही नाही म्हणालात. मी ते कसं सांगू? मी म्हटलं, निघाले बाबा, ट्रेनमध्ये आहेत." ती पाण्याकडे बघत बोलत राहिली. "मग ते सारखे विचारायला लागले, आता कुठे आला? मग मी एकेक स्टेशन सांगत गेले. यीशून आलं. वुडलँड्स आलं. क्रांजी आलं. दाराकडे बघत होते. मग बोलता येईनासं झालं, पण प्रत्येक स्टेशनला मान हलवायचे. मी मुद्दाम स्लो सांगत होते, काका. मला वाटलं स्टेशन संपेपर्यंत ते थांबतील. मग बुकित गोंबाक आलं. मी म्हटलं, बाबा, पुढचं आपलं. त्यांनी मला इशारा केला, दार उघड. मी जाऊन दार उघडलं. परत आले तर गेले होते."

बोटीचं इंजिन बंद झालं. नावाड्याने खूण केली, इथे सोडा. वहिनींनी अस्थींचा कलश निशिकांतरावांच्या हातात दिला. त्यांनी तो छातीशी धरला आणि सोडेनात. दोनदा वाकले, दोनदा तसेच मागे आले. शेवटी आर्यानेच तो त्यांच्या हातातून सोडवून घेतला.